साबण लावलेला गज

गेल्या हिवाळ्यात कोरियात शनिवार-रविवारी संध्याकाळी जी मालिका घरोघरी पाहिली गेली, तिच्यात बांग हेरिनचा डावा हात तेरा भागांत आहे. संगीत महाविद्यालयात उशिरा दाखल झालेली नायिका व्हायोलिन उचलते, पियानो वाजवणारा मुलगा दारात थबकतो, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून खाली सरकतो आणि बोटांपाशी थांबतो. तिथे नायिका संपते आणि हेरिन सुरू होते. हेरिनची करंगळी शेवटच्या पेरात किंचित बाहेर वळलेली आहे. ओळखणारे त्यावरून ओळखतात.

चेहरा गिल दाबी या चोवीस वर्षांच्या अभिनेत्रीचा. आवाज एका नामवंत वादकाचा, चित्रीकरणाच्या दोन महिने आधीच ध्वनिमुद्रित झालेला. चॉन्गजूच्या बाजारात तयार भाज्या आणि किमची विकणाऱ्या हेरिनच्या आईने हा हिशेब पहिल्याच भागात मांडला होता.

"तोंड तिचं, हात तुझा, सूर तिसऱ्याचाच. मग तू नेमकं काय वाजवलंस?"

"काहीच नाही, आई. तेच काम आहे."

हेरिन एकतीस वर्षांची आहे. सहाव्या वर्षी व्हायोलिन धरले, सोलमध्ये शिकली, दोन वर्षे जर्मनीत काढली आणि परत आली. परत आल्यापासून ती वाद्यवृंदांच्या निवड-चाचण्या देते. मालिकेचे काम आले तेव्हा दहा देऊन झाल्या होत्या. मधल्या काळात चार मुलांना शिकवते, लग्नांत वाजवते. सोलच्या सोचो भागात महिन्याच्या भाड्याने घेतलेली तळघरातली एक खोली आहे. खिडकी नाही, भिंतींना स्पंज, एक स्टँड आणि एक स्टूल. स्टुलावर ती बसत नाही. वाजवताना भिंतीपासून भिंतीपर्यंत चालते. तिच्या जुन्या प्राध्यापिका म्हणायच्या, "अगं, तू पोस्टमन आहेस का? एका जागी उभी राहा, पत्रांची कुणी वाट बघत नाहीये."

त्याच प्राध्यापिकांनी मालिकेसाठी तिचे नाव सुचवले. काम दुहेरी होते. दाबीला व्हायोलिन धरायला आणि गज सरळ ओढायला शिकवायचे आणि जवळून घेतलेल्या दृश्यांत स्वतःचा हात द्यायचा. दाबीला पहिल्याच दिवशी नखे कापावी लागली. तिच्या मॅनेजरने ती कापलेली नखे टिश्यूत गुंडाळून ठेवली, जणू पुढे भरपाई मागायची होती.

"टीचर, मी वाजवलं की लोक असे का बघतात?" दाबीने तिसऱ्या दिवशी विचारले.

"कारण तू लाकूड कापतेयस."

"मग हळू कापू?"

"कापूच नकोस. ओढ."

आठवड्याभरात 'टीचर'ची 'ऑन्नी' झाली आणि हेरिन दाबीची थोरली बहीण ठरली. गजाची दिशा दाबीला जमली, सूर कधीच जमणार नव्हता. सेटवर तिने पहिल्यांदा खऱ्या गजाने तारेला स्पर्श केला तेव्हा ध्वनिमुद्रकाने कानांवरचे हेडफोन उतरवून मांडीवर ठेवले. त्यावर या धंद्यात जुना उपाय आहे. गजाच्या घोड्याच्या केसांना राळ लावली की ते तार पकडतात आणि आवाज निघतो. राळेऐवजी साबण चोळला की ते तारेवरून नुसते निसटतात. हात खरा हलतो, तार गप्प राहते, वरून मुद्रित संगीत वाजते.

हेरिनकडे दोन गज होते. एकाच कारागिराकडून, पाच वर्षांच्या अंतराने घेतलेले, रंगाने आणि मुठीने सारखे. जुन्याला तिने साबण चोळला; मुद्रित संगीतात दुसरा सूर मिसळू नये म्हणून कॅमेऱ्यासमोर दोघींच्याही हातात तोच. पांढरी कोरडी वडी केसांवरून वरखाली फिरवताना तिने तोंड दुसरीकडे केले होते. ओळखीसाठी मुठीच्या मागे लाल दोरा बांधला. दुसऱ्याच दिवशी सहायक दिग्दर्शक ग्यूहोने तो सोडायला लावला.

"दोरा दिसतोय. आधीच्या शॉटमध्ये नव्हता."

"मग कुठला कुठला मला कसं कळणार?"

"तुम्ही वाजवणारे आहात. हातात घेतल्यावर कळत नाही?"

हातात घेतल्यावर कळत नव्हते. वास घेतल्यावर कळत होते. म्हणून तिने जागा ठरवून टाकल्या. पेटीच्या झाकणात डावीकडे चांगला गज, उजवीकडे साबणाचा.

सेटवर काम कमी, वाट पाहणे जास्त. दिवे बसेपर्यंत हेरिन कोपऱ्यात उभी राहून व्हायोलिनच्या तारा पेलणाऱ्या घोडीवर आवाज दबवणारे रबराचे दाबण चढवून चाचणीसाठी नेमलेली मोठी रचना, कन्चेर्टो, घासत असे. चांगल्या गजाने. ग्यूहोची "तयार" अशी हाक आली की दाबण खिशात, चांगला गज डावीकडे झाकणात, गज अडकवणारी खिटी फिरवायची, उजवीकडची खिटी, साबणाचा गज हातात आणि कॅमेऱ्यासमोर. चार महिने, दिवसाला तीस-चाळीस वेळा. पुढे पुढे ती हे करताना पेटीकडे बघतही नसे.

याच काळात दक्षिणेकडच्या एका शहराच्या वाद्यवृंदात दुसऱ्या व्हायोलिनची एक जागा निघाली. एकच. त्या बाकावरचे गृहस्थ साठाव्या वर्षी निवृत्त होत होते. ते तिथे तेहेतीस वर्षे बसले होते. हेरिनने तो आकडा प्राध्यापिकांकडून ऐकला आणि त्या दिवशी खोलीत चालणे नेहमीपेक्षा वाढले. पुढची जागा कधी निघेल हे कुणी सांगू शकत नव्हते. निघाली तरी तोवर महाविद्यालयातून आणखी दोन तुकड्या बाहेर पडलेल्या असत्या.

चाचणी मंगळवारी, दुपारी दोनला. तारीख तिने महिनाभर आधी निर्मात्यांना लेखी कळवली होती. आदल्या शुक्रवारी ग्यूहोचा फोन आला. शूटिंगसाठीचे सभागृह फक्त मंगळवारी सकाळी मिळत होते.

"दोनच शॉट. सातला सुरू. साडेनऊला तुम्ही मोकळ्या."

"तुमचं साडेनऊ मला माहितेय. मागच्या वेळी साडेनऊला दुपारचे डबे आले होते."

"या वेळी खरंच. मी स्वतः स्टेशनवर सोडतो."

"मला गाडी नकोय. वेळ हवाय."

"तुमचा हात नसेल तर शॉट नाही. दुसरा हात आणला तर करंगळी जुळत नाही. मी काय करू, सांगा."

आईचे म्हणणे सरळ होते. "नाही म्हण."

"पुढचे दोन महिने काम त्यांच्याकडेच आहे, आई."

"आणि पुढची तीस वर्षं?"

 फोन कानाला असताना हेरिनची डावी बोटे टेबलाच्या कडेवर कन्चेर्टोची तिसरी ओळ वाजवत होती. दुसऱ्या दिवशी तिने ग्यूहोला होकार कळवला. आईने दोन दिवसांत कुरियरने धान्याच्या पाकाची चिकट वडी पाठवली. परीक्षेला जाणाऱ्याने ती खायची, म्हणजे तो जागेला चिकटतो, पास होतो. खोक्यावर मार्करने लिहिले होते, मंगळवारी समुद्री शेवाळाचे सूप पिऊ नकोस. ते प्यायले की माणूस परीक्षेत घसरतो, हे चॉन्गजूच्या बाजारात कुणी तपासून पाहत नाही.

मंगळवारी सेटवर नेमके तेच सूप होते. दाबीचा वाढदिवस होता आणि कोरियात वाढदिवसाला हेच सूप करतात, दुसरे काय असणार. तिची आई पहाटे उठून मोठे पातेले घेऊन आली होती. सगळे युनिट कागदी वाट्या घेऊन उभे होते.

"ऑन्नी, एक वाटी तरी. आईने गोमांस घालून केलंय."

"आज नको, दाबी."

"माझ्या वाढदिवसाला नको?" दाबीचा चेहरा पडला, मग तिच्या लक्षात आले. "अय्या, परीक्षा. मी विसरलेच. द्या इकडे, तुमच्या वाटचं मी पिते. घसरायचं ते माझं घसरेल."

"तुझं काय घसरणार आहे?"

"रेटिंग," दाबी म्हणाली आणि दोन्ही वाट्या संपवल्या.

दोन शॉटचे पाच झाले. सव्वादहाला ग्यूहोने अंगठा दाखवला. हेरिनने व्हायोलिन पेटीत ठेवले, दोन्ही गज झाकणात लावले आणि मेकअपच्या गाडीतच काळी पँट आणि काळा ब्लाउज चढवला. ग्यूहोने स्टेशनवर सोडले. साबणाचा गज सेटवर ठेवून जावे हे तिच्या मनात आले होते, पण शोधायला, गुंडाळायला, कुणाच्या तरी ताब्यात द्यायला पाच मिनिटे लागली असती. गाडी सुटायला बावीस मिनिटे होती.

गाडीत ती पूर्ण वेळ गुडघ्यावर बोटे चालवत होती. ताएजॉन स्टेशन ओलांडल्यावर शेजारच्या आजोबांनी पेपर खाली घेतला.

"पोरी, माझी कॉफी हलतेय."

"माफ करा."

"परीक्षा आहे का?"

"हो."

"मग हलव. कॉफी मी धरतो."

चाचणीचे नियम बारा वर्षांत बदललेले नाहीत. परीक्षक पडद्याआड. उमेदवाराला नाव नाही, फक्त नंबर. रंगमंचावर गालिचा, म्हणजे चपलेच्या आवाजावरून बाई की पुरुष हे कळू नये. बोलायचे नाही. आवाज ऐकू गेला तर बाद. काही सांगायचे असेल तर शेजारी उभ्या असलेल्या कारकुनाला खुणेने सांगायचे, तो बोलेल. रंगमंच सोडला तरी बाद. पेटी, पाण्याची बाटली, फोन, सगळे मागच्या खोलीत.

हेरिनला सतरा नंबर आला. अठरा नंबर जू सुयॉनला. सुयॉन तीन वर्षांनी लहान, त्याच प्राध्यापिकांची विद्यार्थिनी. महाविद्यालयात असताना हेरिनने तिला पहिल्या सत्रात गज धरण्याच्या चुका दाखवल्या होत्या.

"ऑन्नी, तुम्ही इथे? मला वाटलं तुम्ही आता टीव्हीवर असता."

"माझी बोटं असतात. बाकीची मी इथे."

"आम्ही सगळे बघतो हं. करंगळी आली की ओरडतो." सुयॉन हसली आणि मग काय बोलावे हे न सुचल्यामुळे आपल्या गजाचा स्क्रू उगाच फिरवू लागली. एकाच जागेसाठी दोघी आल्या होत्या. हेरिनने खिशातली आईची वडी मोडून अर्धी तिला दिली. दोघींनी ती चघळली. दातांना चिकटल्यामुळे बोलणे आपोआप थांबले.

मागच्या खोलीत सहा जण एकाच वेळी सहा वेगळ्या जागांवरून तोच कन्चेर्टो वाजवत होते. हेरिन खिडकी ते दार चालत, दाबण चढवून, वाजवत होती. हात गरम होता. उंच सूर नेमके लागत होते. ती नंतर म्हणाली की गेल्या दोन वर्षांत इतके स्वच्छ तिच्याकडून वाजले नव्हते.

दारात कारकून आला. पन्नाशीचा, गळ्यात ओळखपत्र, पायात ऑफिसातल्या रबरी सपाता.

"सतरा, तयार. अठरा, तुम्हीही रंगमंचाच्या कडेला येऊन थांबा."

हेरिनने दाबण काढून खिशात टाकले. चांगला गज डावीकडे झाकणात लावला. खिटी फिरवली. उजवीकडची खिटी फिरवली, दुसरा गज घेतला आणि कारकुनामागून निघाली. पेटीकडे तिने बघितले नाही. बघण्यासारखे काही नव्हते. हाताला काम पाठ होते.

गालिचा करडा होता. समोर काळा पडदा, त्यामागे पाच माणसे, कुणीतरी कागद उलटत होते. कारकून म्हणाला, "सतरा नंबर." हेरिनने व्हायोलिन हनुवटीखाली घेतले, श्वास घेतला आणि दोन तारांवरचा पहिला जोडसूर पूर्ण ताकदीने ओढला.

काही झाले नाही. केस तारांवरून टोकापर्यंत गेले. कपड्याला कपडा घासल्यासारखा आवाज झाला, तोही फक्त तिला ऐकू आला.

तिने पुन्हा ओढला, आणखी दाबून. या दुसऱ्या वेळी तिला कळले. सेटवर हे बरोबर होते. कुणीतरी मागून संगीत लावायला हवे होते.

पडद्यामागून एक जण खाकरला. "सतरा नंबर, सुरू करा."

हेरिनने कारकुनाकडे वळून गज दाखवला. त्याला तो गजच दिसला. तिने केसांकडे बोट केले, मान हलवली. तो जवळ येऊन वाकला, डोळे बारीक करून पाहिले आणि खांदे उडवले. तुटलेला केस नाही, सैल स्क्रू नाही, दिसायला सगळे ठीक.

रंगमंचाच्या कडेला, चार पावलांवर, सुयॉन उभी होती. तिला काय झाले ते नीट कळले नव्हते, पण गज चालत नाही एवढे दिसत होते. तिने आपला गज मुठीच्या बाजूने पुढे केला. घ्या. तिचा नंबर यानंतर लगेच होता.

हेरिन एक पाऊल पुढे गेली आणि थांबली. तिने तारांकडे पाहिले. दोन वेळा दाबून ओढल्यावर साबण तारांवर उतरला होता. उजेडात दोन तारांवर फिकट पांढुरका थर दिसत होता. त्या तारांवर सुयॉनचा गज फिरला असता तर साबण तिच्या केसांना लागला असता, आणि पाच मिनिटांनी तोच गज घेऊन सुयॉन याच गालिच्यावर उभी राहिली असती. हे सुयॉनला माहीत नव्हते. सांगायला तोंड उघडायची सोय नव्हती.

हेरिनने मान हलवली. नको. सुयॉनने गज आणखी पुढे केला. हेरिनने दुसऱ्यांदा मान हलवली, जरा जोरात. सुयॉनचा हात खाली गेला आणि तिचे कान लाल झाले.

मग हेरिनने कारकुनाला मागच्या खोलीच्या दिशेने खूण केली आणि हवेत पेटीचा आकार काढला.

"साहेब," कारकून पडद्याकडे बघून म्हणाला, "उमेदवाराच्या गजात बिघाड आहे. पेटी मागतायत."

मागे कुजबुज झाली. "आणून द्या. एक मिनिट. उमेदवाराने जागा सोडायची नाही."

कारकून धावणाऱ्यांतला नव्हता. सपाता फटफटत लांब गेल्या, लांबून परत आल्या. तेवढ्या वेळात हेरिन ब्लाउजच्या कडेने तारा पुसत होती, वरपासून खालपर्यंत, पुन्हा पुन्हा. त्याने पेटी उघडूनच आणली होती. झाकणात एकच गज होता, डावीकडे.

तिने वाजवले. पहिला जोडसूर बरोबर आला. पहिली ओळ बरोबर आली. पाचव्या ओळीत उंच जागी बोट बरोबर पडले आणि गज निसटला. सूर लागायच्या ऐवजी शिट्टीसारखा फाटला. पुसूनही काही राहिलेच होते, ते आता तिच्या चांगल्या गजालाही लागले होते. ती थांबली नाही. सगळ्यांसाठी ज्या जागी थांबायची घंटा वाजत होती त्याच जागी तिच्यासाठीही वाजली.

पाच वाजता यादी लागली. दुसऱ्या फेरीसाठी आठ नंबर. अठरा होता. सतरा नव्हता. परीक्षक कारण सांगत नाहीत. तो सूर नसता फाटला तर काय झाले असते, हे विचारायला कुणी जागा ठेवलेली नाही.

सुयॉन तिला इमारतीबाहेर कॉफीच्या मशीनपाशी सापडली.

"ऑन्नी, माझा गज का नाही घेतलात?"

"तारांना साबण लागला होता. तुझ्या गजाला लागला असता."

सुयॉनला हे समजायला थोडा वेळ लागला. "म्हणजे तो शूटिंगचा गज होता?"

"हो."

"पण मला कळलंही नसतं. पडद्यासमोर जाऊन उभी राहीपर्यंत."

"म्हणूनच."

सुयॉनने मशीनमधला कप उचलला, पण प्यायली नाही. "मला वाटलं, लहानाकडून घ्यायची लाज वाटली तुम्हाला."

"तीही वाटली असती. तेवढा वेळ नव्हता."

परतीच्या गाडीत आईचा फोन आला.

"काय झालं?"

"नाही झालं."

"सूप प्यायलीस?"

"नाही."

"वडी खाल्लीस?"

"अर्धी. अर्धी दुसरीला दिली."

"तिचं झालं का?"

"पहिल्या फेरीत झालं."

 आईच्या मागे बाजारातला गलका ऐकू येत होता, कुणीतरी मुळ्याचा भाव विचारत होते. "पुढच्या वेळी दोन पाठवते," ती म्हणाली. "एक वाटायला."

गुरुवारी हेरिन सेटवर होती. त्या दिवशी नायिकेच्या चाचणीचे दृश्य होते. कथेत नायिका पडद्यासमोर उभी राहते, पियानोवाला मुलगा बाहेर जिन्यात बसून ऐकतो आणि ती निवडली जाते. दिग्दर्शकाला वाजवायच्या आधीचा एक शॉट हवा होता, नुसता हाताचा.

"घाबरलेली आहे ती," ग्यूहोने समजावले. "गज उचलताना हात थरथरू द्या."

"थरथरत नाही," हेरिन म्हणाली.

"अहो, एवढी मोठी परीक्षा."

"हात रोजचंच करतो. रोज जे केलं असेल तेच. थरथरला असता तर मी खाली बघितलं असतं."

ग्यूहोने दिग्दर्शकाकडे पाहिले. दिग्दर्शक म्हणाला, प्रेक्षकांना थरथर लागते. हेरिनने हात थरथरवला. तीन वेळा. तिसरा ठेवला गेला.

तेवढे झाल्यावर तिने निर्मात्यांना एक चिठ्ठी दिली. साबणाचा गज युनिटने स्वतःचा घ्यावा, तो युनिटच्या पेटीत राहील, तिच्या पेटीत येणार नाही. त्यांनी स्वस्तातला फायबरचा घेतला, मुठीला तपकिरी रंग देऊन. आपले दोन्ही गज ती सोचोतल्या कारागिराकडे घेऊन गेली. त्याने जुन्याचे केस नाकाशी नेले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे धुऊन जात नाही."

"माहितेय. कापून टाका. दोन्हीचे."

"दुसऱ्याला तर जेमतेम लागलंय."

"तरी कापा."

दुसऱ्या व्हायोलिनची ती जागा सुयॉनला मिळाली. शेवटच्या बाकावर, आतल्या बाजूला. तिने फोन केला होता. दोघींचे बोलणे दोन मिनिटे झाले. मालिका संपली. शेवटच्या भागात आईने दुकानातल्या गिऱ्हाइकांना फोनवर करंगळी दाखवली आणि चेहरा आला की पडदा अंगठ्याने झाकला, असे शेजारच्या मासळीवाल्या बाईने सांगितले.

मार्चमध्ये पूर्व किनाऱ्यावरच्या एका शहरात बारावी चाचणी होती. हेरिन सकाळच्या गाडीने निघाली. पेटीत एकच गज होता, नव्या केसांचा. दुसरा खोलीत भिंतीला टांगलेला होता. निघण्याआधी तिने तो तिथे आहे हे दिवा लावून पाहिले होते. तरी गाडी सुटल्यावर तिने पेटी मांडीवर घेऊन उघडली. गजाच्या केसांना बोट लावता येत नाही, बोटाचे तेल लागते. म्हणून ती वाकली आणि वास घेतला. राळ होती. पेटी बंद केली, खिडकीतून बाहेर पाहिले, गुडघ्यावर पहिली ओळ वाजवली आणि पुन्हा उघडली. समोरची बाई तिच्याकडे बघत होती. डोंगरातले बोगदे सुरू झाले तेव्हा हेरिनने पेटी चौथ्यांदा उघडली होती.